ॲपर्चर : भिंगाचे दार किती उघडायचे?

कॅमेऱ्याच्या भिंगावर कोरलेले आकडे नवशिक्याला हमखास बुचकळ्यात टाकतात. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशी ती रांग असते. ती दुपटीने वाढत नाही, ठरावीक फरकानेही वाढत नाही. शिवाय आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, असा उलटा हिशेब. छायाचित्रकार या आकड्यांना 'एफ नंबर' म्हणतात आणि भिंगातील ज्या छिद्राचे माप ते सांगतात, त्याला 'ॲपर्चर'. मराठीत त्याला भिंगाचे द्वार म्हणता येईल. परंतु जळगावच्या स्टुडिओपासून धुळ्याच्या लग्नमंडपापर्यंत सर्वत्र ॲपर्चर हाच शब्द रुळला आहे. येथेही तोच वापरला आहे.

ॲपर्चर म्हणजे प्रकाशाचा नळ. जास्त उघडला तर जास्त प्रकाश, कमी उघडला तर कमी, एवढे सांगून बहुतेक माहितीपुस्तिका थांबतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हे छिद्र प्रकाश किती आत यावा हे जसे ठरवते, तसेच चित्रात किती खोलीपर्यंतच्या वस्तू रेखीव दिसाव्यात हेही ठरवते. आणि प्रकाश कमी घेतला तर त्याची भरपाई वेळ वाढवून करावी लागते. प्रकाश, स्पष्टतेची खोली आणि वेळ या तिन्ही गोष्टी मनासारख्या एकाच वेळी मिळत नाहीत. त्यातले काय सोडायचे याचा निर्णय म्हणजे ॲपर्चरची निवड होय. खानदेशात या निर्णयाची दोन्ही टोके हाताशी आहेत. एकीकडे वैशाखातले जळगाव-धुळ्याचे ऊन, दुसरीकडे जळगावहून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या गुंफांतला अंधार. आणि या दोहोंच्या मधे चाळीसगावला एक असा कलावंत होऊन गेला, की ज्याचे काम या छोट्याशा छिद्राचे मर्म कळल्याशिवाय नीट कळत नाही.

डोळ्यातले ॲपर्चर

निसर्गाने प्रत्येकाला एक ॲपर्चर दिलेलेच आहे. डोळ्यातील बाहुली भर उन्हात सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावते आणि अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत पसरते. वय वाढते तसे हे पसरणे कमी होत जाते. व्यासाचा हा फरक क्षेत्रफळात मोजला तर बारा ते सोळा पट भरतो. प्रत्यक्षात ऊन आणि अंधार यांतील तफावत लाखो पटींची असते. तेव्हा डोळ्याचे उरलेले सारे काम दृष्टिपटल करते. बाहुली क्षणभरात हलते, दृष्टिपटलाला मात्र अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. गुंफेत शिरल्याबरोबर 'इथे काहीच दिसत नाही' म्हणून मागे फिरणारे पर्यटक आपल्याच डोळ्यांना पुरेसा अवधी देत नाहीत.

बाहुली केवळ प्रकाशच आवरत नाही याचा पुरावाही रोजचाच आहे. चष्मा घरी विसरलेला माणूस बसस्थानकावर एसटीची पाटी वाचताना डोळे बारीक करतो. पापण्यांची फट अरुंद झाली की भिंगाच्या कडेने येणारे किरण अडतात, पडद्यावर उमटणारे अंधुक ठिपके लहान होतात आणि अक्षरे वाचता येतात. नेत्रतज्ज्ञ बारीक छिद्राची चकती डोळ्यापुढे धरून वाचायला लावतात, तेही याच तत्त्वावर. छिद्रातून दृष्टी सुधारली तर दोष बहुधा चष्म्याने जाण्यासारखा असतो. उलट मोतीबिंदूच्या तपासणीसाठी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली, की घरी परतताना ऊन सहन होत नाही आणि हातातला कागदही वाचता येत नाही. ज्यांच्या घरात ज्येष्ठ माणसे आहेत त्यांनी हा अनुभव पाहिलेला असतो. कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तेव्हा डोळा एफ ८ वरून एफ २.८ च्या जवळपास आलेला असतो. प्रकाश वाढलेला आणि स्पष्टतेची खोली आटलेली.

आकड्यांचा हिशेब

आता ते उलटे आकडे. एफ नंबर म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. पन्नास मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र पंचवीस मिलिमीटर उघडले, तर भागाकार येतो दोन. तो झाला एफ २. तेच छिद्र तीन मिलिमीटरच्या आसपास आवळले की होतो एफ १६. व्यास छेदस्थानी असल्यामुळे छिद्र लहान झाले की आकडा वाढतो. रांगेतील चमत्कारिक अंतराचे कारणही यातच आहे. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. प्रकाश निम्मा करायचा तर व्यास निम्मा करून चालत नाही. त्याला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने भागावे लागते. म्हणून एकाला १.४ ने गुणत गेले की ही सारी रांग तयार होते. रांगेतील एक पायरी म्हणजे एक 'स्टॉप'. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो. एफ २ पासून एफ १६ पर्यंत सहा पायऱ्या आहेत, म्हणजे प्रकाश चौसष्ट पटीने घटतो.

भिंगाच्या लांबीने भागण्यात मोठी सोय आहे. छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगितला असता, तर प्रत्येक भिंगासाठी निराळे कोष्टक पाठ करावे लागले असते. भागाकारामुळे लहान-मोठ्या कोणत्याही भिंगाचा एफ ८ पडद्यावर जवळजवळ सारखाच उजेड पाडतो.

या छिद्राची यंत्रणाही टप्प्याटप्प्याने घडत गेली. १८५८ मध्ये इंग्लंडमधील जॉन वॉटरहाऊस यांनी धातूच्या पट्ट्यांचा संच काढला. प्रत्येक पट्टीला वेगळ्या मापाचे भोक असे आणि भिंगाच्या नळीला पाडलेल्या खाचेतून हवी ती पट्टी आत सरकवायची. पाती एकमेकांवर सरकून छिद्र लहान-मोठे करणारा आजचा 'आयरिस डायफ्राम' तत्त्वतः त्याहून जुना आहे. छायाचित्रणाचे जनक मानले जाणारे निएप्स यांनी तशी योजना १८२० च्या दशकात करून पाहिली होती. मात्र तो सर्रास वापरात यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यावर आकड्यांची भानगडच नव्हती. सूर्याचे चिन्ह आणि ढगाचे चिन्ह, यांतील एक निवडायचे की झाले. तरी आत काम तेच होत असे.

उन्हातले गणित

खानदेशच्या उन्हाची ओळख वेगळी करून द्यायला नको. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळचे तापमान पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते आणि दुपारी आकाशात ढगाचा ठिपका नसतो. छायाचित्रकाराला मात्र अशा उन्हाचा एक फायदा आहे. ते बदलत नाही, म्हणून मोजावेही लागत नाही. निरभ्र दुपारी उन्हातल्या विषयासाठी ॲपर्चर एफ १६ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका धरावा, हा जगभरच्या छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा सुमारे सव्वाशेवा भाग. प्रकाशमापक बिघडला तरी या एका वाक्यावर दिवस निभावतो. पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो काढतानाही जवळपास हेच गणित लागू पडते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. कोजागरीच्या रात्री आपल्यासाठी अंधार असला तरी चंद्रावर तेच भर दुपारचे ऊन पडलेले असते. एफ ११ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग त्याला पुरतो.

हा ठोकताळा म्हणजे केवळ सुरुवातीचा बिंदू. अक्षय्य तृतीयेला, आपल्या भाषेत आखाजीला, माहेरी आलेल्या लेकी झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसतात. झोका वेगात असताना सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात तो गोठत नाही, फराटा उमटतो. वेग पाचशेव्या भागापर्यंत न्यायचा तर प्रकाश दोन पायऱ्यांनी घटतो. तो भरून काढण्यासाठी ॲपर्चर एफ १६ वरून एफ ८ वर आणायचे. आणखी उघडून एफ ४ वर नेले आणि वेग दोन हजाराव्या भागावर ठेवला, तर पडद्यावर पडणारा एकूण प्रकाश तोच राहील, फोटोचा उजेडही तोच. परंतु मागचे झाड आणि झाडाखालच्या बायका धूसर होतील. चित्र केवळ मुलीचे हवे की आखाजीचे, हा प्रश्न छायाचित्रकाराने झोका वर येण्याआधी सोडवलेला बरा. स्वयंचलित कॅमेरा प्रकाशाचे गणित अचूक करतो. हा प्रश्न त्याला पडतच नाही.

(भर दुपारच्या उन्हात पदराखालचे, टोपीखालचे चेहरे काळे पडतात, ही तक्रार ॲपर्चरने दूर होत नाही. तेथे सावली शोधावी किंवा सकाळ-संध्याकाळची वेळ साधावी.)

खोलीचे गणित आणि चाळीसगावचे केकी मूस

स्पष्टतेच्या खोलीचा हिशेब लग्नाच्या समूहचित्रात सर्वांत लवकर समजतो. छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरच्या पडद्याचा कॅमेरा, पन्नास मिलिमीटरचे भिंग आणि पाच मीटरवर उभे वऱ्हाड असे धरू. एफ २ वर सुमारे साडेचार ते पावणेसहा मीटर एवढाच पट्टा रेखीव येतो. पुढे बसलेली मुले आणि मागे बाकावर चढलेले काका यांतील एक जण तरी धूसर होणार. एफ ८ वर हाच पट्टा साडेतीन मीटरच्या अलीकडून साडेनऊ मीटरच्या पलीकडे जातो आणि तिन्ही रांगा निर्धास्त होतात. किंमत म्हणून प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो.

विषय जवळ आला की हा पट्टा वेगाने आक्रसतो. तेच भिंग अर्ध्या मीटरवरच्या वस्तूकडे वळवले, तर एफ २ वर जेमतेम एक सेंटीमीटर खोली मिळते आणि एफ १६ वरही साडेआठ-नऊ सेंटीमीटरच. आणखी जवळ जाण्यासाठी भिंग पडद्यापासून पुढे न्यावे लागते आणि मग भिंगावरचा आकडाही पुरता खरा राहत नाही. वस्तूची प्रतिमा वस्तूएवढीच मोठी घेतली तर एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ इतका मंद होतो. टेबलावरच्या वस्तूंची छायाचित्रे अवघड असतात ती यामुळे.

आणि नेमका हाच प्रांत केकी मूस यांनी आपला मानला. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबई आणि इंग्लंड येथे शिक्षण घेऊन ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला परतले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ पाच दशके ते रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यातून क्वचितच बाहेर पडले. चित्रकला, शिल्पकला, संगीत अशा अनेक कलांत त्यांना गती होती; तथापि त्यांचे नाव झाले ते 'टेबलटॉप' छायाचित्रणामुळे. घरातल्याच किरकोळ वस्तू टेबलावर मांडून, त्यावर हवा तसा प्रकाश टाकून ते असे देखावे उभे करीत, की पाहणाऱ्याला ते खऱ्या निसर्गाचे वाटावेत. घराबाहेर न पडणाऱ्या या माणसाने बाहेरचे जग टेबलावर आणले, असे त्यांच्याविषयी नेहमी म्हटले जाते. ते कसे शक्य झाले, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

मोठ्या देखाव्याचा आभास निर्माण करण्यात सर्वांत मोठा शत्रू असतो तो धूसरपणा. खराखुरा डोंगर अर्ध्या कोसावरून टिपला तर त्याचा पायथा आणि शिखर सारखेच रेखीव येते, कारण अंतर मोठे असते. टेबलावरचा डोंगर टिपताना ॲपर्चर थोडे जरी मोठे राहिले, तर पुढची काडी रेखीव आणि मागचे 'क्षितिज' विरघळलेले अशी अवस्था होते. मग कोणी न सांगताही पाहणाऱ्याला कळते की हे काही वीतभर लांबीचे आहे. आपला मेंदू धूसरतेवरून आकार ताडतो. हल्ली खऱ्या शहराच्या छायाचित्राचा वरचा व खालचा भाग मुद्दाम धूसर करून ते खेळण्यातल्यासारखे दाखवतात, ते याच सवयीचा उलटा फायदा घेऊन. म्हणून टेबलटॉप करणाऱ्यापुढे मार्ग एकच उरतो. ॲपर्चर बारीकात बारीक करायचे, त्यामुळे घटलेला प्रकाश वेळ वाढवून भरून काढायचा आणि मांडलेली काडीही हलणार नाही अशा तयारीने थांबायचे. झोक्यावरच्या मुलीला हे सांगता येत नाही; टेबलावरच्या वस्तूंना वेळेची घाई नसते. बंद खोली, हातातला प्रकाश आणि भरपूर सवड या गोष्टी मूस यांच्या जगण्यातच होत्या. त्यांच्या कलेने आणि त्यांच्या एकांतवासाने एकमेकांना किती घडवले, हा प्रश्न प्रकाशशास्त्राच्या बाजूनेही विचारण्याजोगा आहे. त्यांचे घर आता संग्रहालयाच्या रूपाने जतन केलेले आहे. तेथील छायाचित्रे पाहताना मागच्या रेषा किती दूरपर्यंत रेखीव राहिल्या आहेत तेवढे जरूर पाहावे.

गुंफेतला अंधार

अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण रेल्वेने येणारा प्रवासी जळगावलाच उतरतो. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, त्यानंतरचा त्यांच्या नकलांचा इतिहास दुर्दैवी आहे. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या.

गिल यांनी कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला होता. त्यांच्या छायाचित्रांची, जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह, दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. दोन डोळ्यांनी पाहिल्यासारखा खोलीचा भास देणारी ती 'स्टिरिओ' छायाचित्रे होती. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे. गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे ठाऊक असते, छायाचित्रकार गिल मात्र फारसे ठाऊक नसतात. आणि साहजिक प्रश्न असा, की कॅमेरा हाताशी असताना भित्तिचित्रांसाठी कुंचलाच का चालवावा लागला?

उत्तर प्रकाशात आहे. त्या काळची रासायनिक काच इतकी मंद होती की उघड्यावरच्या दृश्यालाही सेकंदांचा अवधी लागे. भिंग पूर्ण उघडले तर चित्राच्या कडा विस्कटत, म्हणून ॲपर्चर आवळावे लागे. आवळले की वेळ आणखी वाढे. गुंफेच्या आत तर हा हिशेब हाताबाहेरच जाई. दुसरी अडचण अशी की त्या काचेला निळा प्रकाश दिसे, तांबडा-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. अजिंठ्याच्या रंगांत गेरू आणि पिवळी माती यांचाच मोठा वाटा. ते सारे काळेच उमटले असते. म्हणून कॅमेऱ्याच्या वाट्याला आली ती मुख्यतः दर्शनी कमान, स्तंभ आणि कोरीवकाम. स्टिरिओ कॅमेऱ्याची भिंगे मोठ्या कॅमेऱ्यांच्या मानाने आखूड नाभीय अंतराची असल्याने त्यांत खोलीची स्पष्टता तुलनेने सहज मिळते. एकामागोमाग एक जाणाऱ्या खांबांच्या रांगेसाठी हे उत्तम.

आजचे संवेदक त्या काचेच्या कित्येक पट तल्लख आहेत. तरीही गुंफेत ॲपर्चरचा प्रश्न सुटलेला नाही, उलट त्याला नवे गांभीर्य आले आहे. मातीच्या गिलाव्यावर रंगवलेली ही चित्रे दीड हजार वर्षे टिकली त्यात अंधाराचा वाटा आहे. प्रकाशाने रंगद्रव्ये आणि त्यांना धरून ठेवणारे घटक झिजतात आणि ही झीज साठत जाते. आज थोडी, उद्या थोडी. संग्रहालयांत नाजूक वस्तूंसाठी साधारणपणे पन्नास लक्स ही प्रकाशाची मर्यादा मानतात. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स असते. म्हणजे दोन हजार पट, पायऱ्यांच्या भाषेत अकरा स्टॉप. पूर्वी गुंफांतले मार्गदर्शक बाहेरचे ऊन आरशाने किंवा चकचकीत पत्र्याने आत वळवून भिंती उजळवीत. आता फ्लॅशवरही बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

या अकरा पायऱ्या कुठून भरून काढायच्या? उन्हात एफ १६ आणि सव्वाशेवा भाग लागतो, असे मघाशी पाहिले. पन्नास लक्समध्ये एफ १६ कायम ठेवले तर शटर सुमारे सोळा सेकंद उघडे ठेवावे लागेल. एफ २ वर आलो तर सहा पायऱ्या भरून निघतात आणि पाव सेकंद पुरतो. पाव सेकंद हातात कॅमेरा धरून कोणालाही साधत नाही. म्हणून आयएसओ वाढवून उरलेल्या पायऱ्या भरायच्या. त्याने चित्रात दाणे येतात, पण ते दाणे आपल्या फोटोत येतात, पद्मपाणीच्या चेहऱ्यावर नाही. येथे ॲपर्चरचा एक गुण ठळकपणे दिसतो. ते उघडल्याने भिंतीवर एक किरणही जादा पडत नाही. भिंतीवरून जो प्रकाश आधीच परतत असतो, त्यातला मोठा वाटा ते गोळा करते, इतकेच. दिवा चित्राकडून घेतो; भिंग केवळ वाया जाणारे वेचते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी गुंफांतल्या मंद प्रकाशात काढलेल्या रंगीत छायाचित्रांनी हे जगाला दाखवून दिले.

अर्थात उघडे ॲपर्चर इथेही किंमत मागतेच. तीन मीटरवरच्या भिंतीसाठी पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला एफ २ वर चाळीसेक सेंटीमीटर खोली मिळते. भिंतीसमोर सरळ उभे राहिले तर ती पुरते. तिरके उभे राहिले की एक टोक धूसर होते. तेव्हा गुंफेत फोटो काढणाऱ्याने शक्य तिथे भिंतीशी समांतर उभे राहावे. तिपाई हवी असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी. सोमवारी लेणी बंद असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

फार आवळले तर काय?

यावर कोणी म्हणेल, वेळ हाताशी असेल तर ॲपर्चर बारीकात बारीक ठेवावे, म्हणजे सारेच रेखीव येईल. तसे होत नाही. प्रकाश ही लहर आहे आणि अरुंद छिद्रातून जाताना ती पसरते; याला विवर्तन म्हणतात. एफ १६ वर एका बिंदूची प्रतिमा सुमारे दोन शतांश मिलिमीटरचा ठिपका होते, एफ २२ वर तीन शतांश. मग कोणतीच वस्तू धूसर नसते, पण कोणतीच धारदारही नसते. दुसऱ्या टोकाला, भिंग पूर्ण उघडले की त्याच्या कडेचे दोष डोके वर काढतात. या दोहोंच्या मधे, बहुतेक भिंगांच्या बाबतीत एफ ५.६ ते एफ ८ च्या दरम्यान, सर्वांत स्वच्छ प्रतिमा मिळते.

कागदपत्रांच्या छायाचित्रणात हे फार उपयोगी पडते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुन्या पोथ्या व कागदांचा मोठा ठेवा सांभाळला. मोडीतला असा जुना कागद टिपायचा तर तो सपाट असतो, खोलीची गरजच नसते. हवी असते ती बारीक अक्षराची धार. कॅमेरा कागदाशी काटेकोर समांतर, स्टँडवर घट्ट, आणि ॲपर्चर एफ ८. एफ २२ वर टिपलेल्या कागदात मोडीच्या जोडलेल्या रेषा एकमेकींत मिसळण्याचा धोका असतो आणि पुढे वाचणाऱ्याला तो दोष कागदाचा वाटतो.

महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकालाही असाच डायफ्राम असतो, काचपट्टीच्या खाली. उजेड फार झाला की विद्यार्थी तोच आवळतात. केळीच्या पानाचा छेद मग उठावदार दिसतो, पण बारीक तपशील हरवतात, कारण सूक्ष्मदर्शकाची तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता त्या उघडीपवर अवलंबून असते. उजेड कमी करायचा तो दिव्याच्या बटणाने. डायफ्राम साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश उघडा ठेवावा. ही एक गोष्ट प्रयोगशाळेत ठासून सांगितली जायला हवी.

दुर्बिणीत मात्र आवळण्याचा प्रश्न सहसा येत नाही. गॅलिलिओने आपल्या ओबडधोबड भिंगाचा कडेचा भाग झाकून प्रतिमा सुधारली होती. आज तेथे जितके मोठे तितके चांगले, कारण ताऱ्याचा प्रकाश मुळातच तुटपुंजा. जुन्नरजवळ गिरवली येथे 'आयुका'ची २००६ पासूनची दुर्बीण दोन मीटर व्यासाची आहे. सात मिलिमीटरच्या बाहुलीच्या मानाने ती सुमारे ऐंशी हजार पट प्रकाश गोळा करते.

खिशातला कॅमेरा

आज बहुतेक छायाचित्रे मोबाइलवर काढली जातात आणि मोबाइलच्या जाहिरातीत एफ १.८ हा आकडा ठळकपणे मिरवतो. तो खोटा नसतो. पण मोबाइलचे भिंग इतके आखूड असते की एफ १.८ वरही छिद्र तीन-चार मिलिमीटरचेच भरते. प्रकाशाच्या दृष्टीने ते एफ १.८ असले तरी स्पष्टतेच्या खोलीत ते मोठ्या कॅमेऱ्याच्या साधारण एफ ७ ते एफ ११ सारखे वागते. त्यामुळे बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर बदलण्याची सोयच दिलेली नसते. ते कायम उघडे, आणि उन्हात सारे काम शटरचा वेग करतो. सॅमसंगने २०१८ मध्ये एस ९ या फोनात एफ १.५ आणि एफ २.४ असे दोन पर्याय देऊन पाहिले. त्यानंतर इतर काही कंपन्यांनीही असे प्रयत्न केले. 'पोर्ट्रेट' प्रकारात पार्श्वभूमी धूसर होते ती छिद्रामुळे नव्हे, गणनेने. गजऱ्यातील फुलांच्या कडा, कानाजवळचे सुटे केस किंवा चष्म्याची काडी पाहावी. ती धूसरता कुठे चुकली ते लगेच दिसते.

ज्यांच्याकडे सुट्या भिंगांचा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी खानदेशच्या हवेपुरती एक सूचना. मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेल्या भिंगातले वंगण पातळ होऊन डायफ्रामच्या पात्यांवर उतरते. पाती चिकटली की बटण दाबताना ती वेळेवर मिटत नाहीत. परिणाम असा, की एफ २ वरचे फोटो नेहमीसारखे येतात आणि एफ १६ वरचे पांढरेफटक, कारण छिद्र प्रत्यक्षात उघडेच राहिलेले असते. असे फोटो येऊ लागले तर संवेदकाला किंवा उन्हाला दोष देण्याआधी भिंग काढून उजेडापुढे धरावे आणि पात्यांवर तेलाची चकाकी दिसते का पाहावे. दिसली तर ते घरी पुसू नये. ही पाती कागदाहून पातळ असतात आणि एकदा वाकली की सरळ होत नाहीत. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे भिंग देताना कोणत्या आकड्यापासून फोटो जास्त उजळ येऊ लागले, एवढे सांगितले तरी त्याचे निम्मे काम सोपे होते.